मणाचा शेर

चाळीस शेरांचा एक मण, हे कोष्टक आमच्या पिढीने छडीच्या तालावर पाठ केलं. पुढे १९५८ पासून देशात मेट्रिक वजनं आली. मण गेला, शेर गेला, पायली-अधोली गेली. नवटाक तेवढी काही ठरावीक दुकानांतून टिकून राहिली, पण तो विषय वेगळा. सांगायचा मुद्दा असा, की पाठ केलेलं ते कोष्टक मला पुढे साठ वर्षं कुठे म्हणजे कुठे उपयोगी पडलं नाही. पडलं ते थेट अमेरिकेत, व्हरमाँट नावाच्या राज्यात. तिथे मेपल नावाचं एक झाड आहे. त्याचा मणभर रस आटवला की शेरभर पाक मिळतो. दशमान पद्धतीचे कितीही गोडवे गा, इतका सुबक हिशेब लिटरमध्ये बसत नाही.

कॅनडाच्या झेंड्यावर १९६५ पासून जे लाल पान झळकतं आहे, ते या मेपलचं. तिकडे सकाळच्या न्याहारीला पॅनकेक नावाची जाड घावनं करतात आणि त्यांवर या झाडाचा पाक ओततात. हा पाक मोठमोठे कारखाने करतात, शेतकरी करतात, आणि ज्यांना त्यातून एक पैसा सुटत नाही असे हजारो लोक आपल्या परसात, हौसेखातर करतात. हे तिसरे लोक माझ्या कुतूहलाचा विषय आहेत. व्यापारी काय, कुठेही व्यापारीच असतो. पण दुकानात बाटली मिळत असताना जो माणूस गुडघाभर बर्फातून बादल्या वाहून आणतो आणि रात्र रात्र चुलीपाशी बसतो, त्याच्यात काहीतरी इतिहास दडलेला असतो.

आम्ही उभयता २०१६ च्या फेब्रुवारीत मुलीकडे तिथे गेलो होतो. फेब्रुवारीत व्हरमाँटला जाणाऱ्या माणसाच्या बुद्धीबद्दल वाचकांना जी शंका येईल, तीच विमानातल्या शेजाऱ्यालाही आली होती. पण नातवंडं हवामान बघून जन्माला येत नाहीत. मुलीच्या शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर राहत. त्यांचं नाव सांगत नाही, कारण ते त्यांना आवडणार नाही. आपण पोस्टमास्तरच म्हणू. त्यांच्या परसात मेपलची दहा झाडं होती आणि दहाही झाडांवर त्यांची, जुन्या टपालाच्या पिशवीवर असावी तशी, नजर होती.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी व्हरमाँटमध्ये गावोगाव ग्रामसभा भरते. अंदाजपत्रक, रस्ते, शाळा यांवर सगळं गाव मिळून वाद घालतं. जुना रिवाज असा, की त्याच सुमाराला झाडांना भोकं पाडायची. म्हणजे आपल्याकडे अक्षय तृतीयेला आळी करतात, तसं. हल्ली थंडी लवकर ढिली पडते, फेब्रुवारीतच रस सुटतो, आणि पंचांग पार बिघडून गेलं आहे, अशी पोस्टमास्तरांची तक्रार होती. पण सरकार बदललं तरी मंगळवार बदलायला ते तयार नव्हते.

झाडाच्या बुंध्याची जाडी दहा इंचांपेक्षा कमी असेल तर त्याला हात लावायचा नाही, हा पहिला दंडक. मग गिरमिटाने करंगळीही जाणार नाही एवढं भोक पाडायचं. खोली दीड-दोन इंच, आणि भोक आत जाताना किंचित वर चढतं, म्हणजे रस आपसूक बाहेर उतरतो. त्यात छोटी तोटी ठोकायची, तोटीला बादली अडकवायची, बादलीवर झाकण. झालं. पुढचं काम हवामानाचं. रात्री पारा शून्याखाली गेला पाहिजे आणि दिवसा शून्याच्या वर आला पाहिजे. रात्री खोडातला ओलावा गोठतो तेव्हा झाड खालून पाणी ओढून घेतं. सकाळी ऊन पडून बर्फ वितळलं की आतला दाब वाढतो आणि रस भोकातून ठिबकू लागतो. नुसती थंडी पडून राहिली तर थेंब नाही. नुसती ऊब पडून राहिली तरी थेंब नाही. दोन्हींची रोज भांडणं व्हावी लागतात. हे ऐकल्यावर आमची ही म्हणाली, "संसारासारखंच की." त्यावर पोस्टमास्तरांनी मला भाषांतर विचारलं आणि मी ते हवामानाबद्दलच आहे असं सांगितलं.

पहिल्या बादलीतला रस मी ओंजळीत घेऊन चाखला. पाणी. डोळे मिटून चाखला. तरी पाणी. मधुमेही पाहुण्याला "बिनसाखरेचा हं" म्हणून देतात त्या चहातसुद्धा याहून जास्त साखर असते. शंभर भागांत जेमतेम दोन भाग! आता हिशेब बघा. पाकात साखर लागते शंभरात सहासष्ट-सदुसष्ट भाग. तेव्हा रसातल्या साखरेच्या टक्केवारीने ८६ या आकड्याला भागलं, की एका मापाच्या पाकाला किती मापं रस लागेल ते निघतं. दोन टक्क्यांना त्रेचाळीस. झाड जरा उदार असेल तर चाळीस. व्हरमाँट विद्यापीठातले जोन्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते, त्यांचा हा नियम, आणि त्यांनी तो चक्क पद्यात बांधला. लीलावतीच्या देशातल्या माणसाला यात नवल वाटू नये; पण विसाव्या शतकातला अमेरिकन प्राध्यापक भागाकाराला यमकं जुळवतो, हे वाचून मला त्या गृहस्थांबद्दल भारी जिव्हाळा वाटला.

एका भोकातून हंगामात साधारण चाळीस लिटर रस मिळतो. पोस्टमास्तरांची भोकं बारा. म्हणजे जवळजवळ पाचशे लिटर पाणी वाहून आणायचं, त्यातलं साडेचारशेहून जास्त आकाशात पाठवायचं, आणि उरलेले बारा लिटर बाटल्यांत भरायचे. त्या बारापैकी चार बाटल्या मुलांना, तीन शेजाऱ्यांना, एक दंतवैद्याला. (दंतवैद्याला का, ते मी विचारलं. "तो बिचारा आमच्यावर जगतो," असं उत्तर आलं.)

आटवण्याचं काम घरात करायचं नाही, हा दुसरा दंडक. आणि तो अनुभवातून आलेला आहे. छंदाच्या पहिल्या वर्षी पोस्टमास्तरांनी स्वयंपाकघरातल्या शेगडीवर पातेलं चढवलं होतं. चाळिसातले एकोणचाळीस भाग वाफ होऊन कुठेतरी जाणारच. ते गेले भिंतीत. तिकडच्या भिंतींना फुलाफुलांचे कागद चिकटवलेले असतात. तिसऱ्या दिवशी छताजवळचे कागद सुटून कमानीसारखे पुढे वाकले आणि बाईंच्या डोक्यावर आले. पुढच्या वर्षी चूल अंगणात गेली. वकिलापेक्षा ती स्वस्त पडली, असं ते म्हणत.

मी कोल्हापूरकडचा. लहानपणची थंडी गुऱ्हाळावर काढलेली. त्यामुळे अंगणातली ती चूल, तिच्यावरची पसरट काहील आणि वर उठणारा तो गोडसर धुरकट वास बघितल्यावर मला एकदम घरच्यासारखं झालं. फरक एवढाच, की आपल्याकडे चुलवाणात चिपाडं जातात आणि गुळव्या उघड्या अंगाने उभा असतो. इथे लाकडाचे ओंडके जात होते आणि गुळव्याच्या अंगावर तीन स्वेटर होते. उसाचा रस आधीच गोड. तो दिवसभरात गूळ होऊन ढेपेत बसतो. मेपलचं पाणी आठ-दहा तास उकळलं तरी पाणीच दिसतं. मग कुठे संध्याकाळी त्याला किंचित पिवळट झाक येते, फेस धरतो, आणि तेव्हापासून मात्र डोळा लवायची सोय नाही. चाळीस लिटरला जो धीर लागतो, तो शेवटच्या अर्ध्या लिटरला एका मिनिटात करपतो.

फेस वर आला की पोस्टमास्तर चमच्याच्या टोकावर लोण्याचा एक कण घेऊन काहिलीत टाकत. फेस गप्प. आपल्याकडे भेंडीचं चिकट पाणी घालून मळी वर आणतात, ते मी त्यांना सांगितलं. ते त्यांनी वहीत लिहून घेतलं. पूर्वी तिकडे काहिलीवर दोरीने डुकराच्या चरबीचा तुकडा टांगून ठेवत. फेस त्याला लागला की खाली बसे. हे मी हिला सांगितलं नव्हतं. जावयाने सांगितलं. त्या दिवशी तिने पाक करणाऱ्या प्रत्येक घराबद्दल मला स्वतंत्र चौकशी करायला लावली.

पाक झाला कधी म्हणायचा, यावर मात्र दोन खंडांचा सामना झाला. पोस्टमास्तरांचं शास्त्र असं, की पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर चार अंश, म्हणजे सुमारे १०४ सेल्सिअसला पाक तयार. त्यासाठी त्यांच्याकडे लांब दांड्याचा थर्मामीटर. जुने लोक पळी बुडवून तिरपी धरत. पाक थेंबाथेंबाने न पडता पडद्यासारखा कडेला लोंबू लागला की झालं. आमच्या हिने काहीच विचारलं नाही. पळीवरचा थेंब बशीत घेतला, अंगठा आणि तर्जनीत धरला, बोटं उघडली-मिटली आणि म्हणाली, "एकतारीच्या जरा अलीकडे आहे. उतरवा." थर्मामीटर १०४ वर होता. पोस्टमास्तरांनी टोपी काढली. तीन स्वेटरांतल्या माणसाने त्या थंडीत टोपी काढणं ही सामान्य गोष्ट नव्हे.

आता, हा उद्योग मुळात कोणाचा? बाटल्यांवरची चित्रं पाहाल तर त्यांवर लाल चौकड्यांचा सदरा घातलेले गोरे आजोबा, घोड्याची घसरगाडी आणि लाकडी झोपडी असते. खरे धनी चित्रात नाहीत. व्हरमाँट ही अबेनाकी लोकांची भूमी. पश्चिमेला मोठ्या सरोवरांच्या काठी अनिशिनाबे लोक. हे सगळे मेपलचा रस काढत, आटवत आणि त्याची साखर करून बर्चच्या सालीच्या डब्यांत वर्षभर ठेवत. पाक नव्हे, साखर. कारण पाक टिकवायला घट्ट झाकणाची भांडी लागतात, साखर कोरडी राहते. मिठाच्या जागी ती मांसावर, मक्यावर, रानभाज्यांवर भुरभुरायची. वसंतातल्या एका महिन्याला अनिशिनाबे लोकांनी नावच दिलं आहे रस उकळण्याचं. साखरेच्या रानावर बहुधा बायकांचा अंमल असे, हे वाचून आमच्या हिने मान डोलावली, जणू हे तिला थर्मामीटरच्या दिवशीच कळलं होतं.

त्यांच्याकडे एक गोष्ट सांगतात. पूर्वी म्हणे मेपलच्या झाडांतून रस नव्हे, दाट पाकच ठिबकायचा. नानाबोझो नावाचा त्यांचा एक खोडकर देवपुरुष आहे. तो एकदा एका गावात आला तर गाव सामसूम. चुली थंड, शेतं ओसाड, मासे पकडायचे गळ वाळत पडलेले. शोधत शोधत रानात गेला, तर अख्खं गाव झाडांखाली उताणं पडून आ वासून पाक गिळतं आहे! नानाबोझोने सरोवरातलं पाणी आणून आणून झाडांत ओतलं आणि पाकाचं पाणी केलं. घ्या म्हणाला, आता मेहनत करा, आणि तीही वर्षातून थोडेच दिवस. आमच्याकडच्या कुठल्याही देवाने इतका व्यवहारी शाप दिल्याचं मला आठवत नाही. मणाचा शेर होतो याला शास्त्रज्ञ साखरेची टक्केवारी कारण देतात. मला हे कारण जास्त पटतं.

पुढे पंडितांचा एक वाद झाला. काही म्हणाले, लोखंडी कढया युरोपियनांनी आणल्या. त्याआधी या लोकांना साखर होईपर्यंत रस आटवणं जमलं असेल हे संभवत नाही. दुसरे म्हणाले, मातीची भांडी होती, सालीच्या भांड्यात तापवलेले दगड टाकून पाणी उकळता येतं, आणि रात्री रस गोठू देऊन सकाळी वरचं बर्फ फेकलं तरी गोडी दाट होते. मी इतिहासकार नाही. पण ज्यांच्या भाषेत त्या साखरेला, रसाला आणि रस उकळण्याच्या जागेला स्वतंत्र शब्द आहेत, त्यांना "तुम्ही हे आमच्याकडून शिकलात" असं सांगायला पाहुण्याच्या अंगी विशेष धिटाई लागते. एकोणिसाव्या शतकात तहनामे झाले, जमिनी गेल्या, आणि जमिनीबरोबर पुष्कळशी साखरेची रानंही गेली. बाटलीवर चित्र उरलं ते आजोबांचं.

गोऱ्यांच्या हातात आल्यावर या साखरेला एकदम राजकारण चिकटलं. अठराव्या शतकात गोरं जग जी साखर चहा-कॉफीत घालत होतं, ती वेस्ट इंडीजच्या बेटांवर आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांकडून करवून घेतलेली. उसाच्या चरकात हात गेला तर तो तोडायला शेजारी कुऱ्हाड टांगलेली असे. चरक थांबवायचा नाही म्हणून. मी चरकापाशी वाढलेला माणूस आहे. ते वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.

फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्यांची सही आहे ते, यांनी १७९१ साली मेपलच्या झाडावर एक लांबलचक पत्र लिहिलं. ते थॉमस जेफरसन यांना उद्देशून होतं आणि त्या ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियाच्या विद्वत्सभेत वाचलं गेलं. म्हणणं असं, की उत्तरेच्या रानांत मेपलची झाडं अमाप आहेत. शेतकऱ्याने बायकामुलांसह महिनाभर काम केलं तरी घरची साखर सुटते. मग गुलामांच्या रक्ताची साखर घ्यायचीच कशाला? आणि त्याच ऑगस्टमध्ये, आज ज्याला हैती म्हणतात त्या फ्रेंच वसाहतीत गुलामांनी असा उठाव केला की साखरेच्या जगाचा पायाच हलला. रश यांच्या पत्राहून हा युक्तिवाद अधिक परिणामकारक ठरला, हे सांगायला नकोच.

जेफरसन तेव्हा परराष्ट्रमंत्री. त्यांना कल्पना फारच आवडली. त्या वर्षी न्यूयॉर्क-व्हरमाँटकडे दौरा केला, परतताना लाँग आयलंडच्या एका रोपवाटिकेत मेपलची साठ रोपं मागवली आणि व्हर्जिनियातल्या आपल्या माँटिसेलोच्या टेकडीवर लावली. बहुतेक जगली नाहीत. जगली असती तरी काय! रस सुटायला जी रात्री-दिवसाची भांडणं लागतात, ती व्हर्जिनियाच्या हवेत उत्तरेइतकी रंगत नाहीत. पण मला हसू आणि संताप एकाच वेळी येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. गुलामांच्या साखरेला पर्याय म्हणून ती रोपं ज्या बागेत लावली, त्या बागेत राबत होते ते गुलामच. जेफरसन यांनी आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं मालकीची म्हणून बाळगली. मेपलचं एकवेळ ठीक आहे; काही रोपं कुठल्या मातीत जगत नाहीत ते माळ्याला आधी कळायला हवं.

फिलाडेल्फियाचे क्वेकर व्यापारी हेन्री ड्रिंकर आणि कूपर्सटाउन वसवणारे विल्यम कूपर (कादंबरीकार फेनिमोर कूपर यांचे वडील) यांनीही यात पैसे घातले. कढया पाठवल्या, माणसं नेमली. फसलं. हंगाम चार-सहा आठवड्यांचा, तोही लहरी, रस्ते नाहीत, आणि उसाच्या मळ्यासारखं झाडांना हुकूम देऊन राबवता येत नाही. मला वाटतं, जे काम घरच्या चुलीवर जमतं ते कंपनी काढली की बिघडतं, हे पुरणपोळी विकत आणणाऱ्या आपल्या पिढीला समजावून सांगायची गरज नाही.

याच काळात इंग्लंडमध्येही बायकांनी वेस्ट इंडीजच्या साखरेवर बहिष्कार टाकला होता. तिथे पुढे एक गंमत झाली. चिनी मातीची साखरेची भांडी निघाली आणि त्यांवर सुवर्णाक्षरांत छापलेलं असे की आत ईस्ट इंडियाची, म्हणजे आपल्याकडची, साखर आहे. गुलामांनी केलेली नाही. कंपनी सरकारच्या राज्यातला बंगाली शेतकरी ते वाचू शकला असता, तर त्याने त्या भांड्यावर आणखी एखादी ओळ सुचवली असती.

तरीही मेपलची साखर उत्तरेतल्या शेतकऱ्यांच्या घरी टिकली. गुलामगिरीविरुद्ध असलेली घरं ती मुद्दाम खात. १८६० च्या सुमाराला तिचं उत्पादन शिगेला पोचलं होतं. मग यादवी युद्ध झालं, गुलामगिरी कायद्याने संपली, उसाची आणि बिटाची साखर स्वस्त झाली, आणि मेपलच्या साखरेला कोणी विचारेना. तेव्हा लोकांनी ती साखर होईपर्यंत न आटवता पाकावर थांबायला सुरुवात केली. डबाबंद करायची सोय झालीच होती. म्हणजे आज जो पाक म्हणून मिरवतो, तो हरलेल्या साखरेचा दुसरा संसार आहे.

हौशी लोकांची परंपरा मात्र माझ्या मते एका जोडप्याकडे जाते. स्कॉट निअरिंग हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. बालमजुरीविरुद्ध आणि एकूणच मालकवर्गाविरुद्ध बोलल्यामुळे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना १९१५ साली काढून टाकलं. १९३२ मध्ये ते आणि हेलन शहर सोडून व्हरमाँटच्या डोंगरात आले. दगडांची घरं स्वतः बांधली, भाजीपाला पिकवला, आणि रोख पैशासाठी मेपलचा पाक काढला. १९५० साली दोघांनी त्यावर पुस्तक लिहिलं, त्यात अर्धा इतिहास आणि अर्धी कृती. पुढे शेजारच्या डोंगरावर बर्फावरच्या खेळांची गर्दी होणार असं दिसताच १९५२ मध्ये सगळं सोडून मेन राज्यात गेले. तरुणपणी हेलनबाईंची आणि जे. कृष्णमूर्तींची गाढ मैत्री होती. शिवाय दोघं शाकाहारी. ही शेवटची बातमी मी घरात तातडीने पोचवली; काहिलीवरच्या त्या चरबीमुळे दूषित झालेलं वातावरण तिने बरंच निवळलं. स्कॉट निअरिंग १९८३ साली गेले, वयाची शंभर वर्षं पुरी करून अठराव्या दिवशी. पोस्टमास्तर याचं श्रेय पाकाला देतात. त्यांच्या सौभाग्यवती म्हणतात, रोज लाकडं फोडण्याला.

व्यापाराबद्दल थोडक्यात आटोपतो. आता झाडाझाडांना निळ्या नळ्या लावून रस पंपाने ओढतात आणि उकळण्याआधीच यंत्राने बरंचसं पाणी गाळून काढतात. जगातला सत्तर टक्क्यांच्या वर पाक कॅनडाच्या क्विबेक प्रांतातून येतो. तिथे उत्पादकांच्या संघाने पिपंच्या पिपं भरून पाकाचा राखीव साठाच ठेवला आहे. आपल्याकडे धान्याचा असतो तसा. २०११-१२ मध्ये या साठ्यातला सुमारे ३,००० टन पाक चोरीला गेला! किंमत एक कोटी ऐंशी लाख कॅनेडियन डॉलरच्या घरात. तपासनीस पिपांच्या उतरंडीवर चढला आणि पायाखालचं एक पीप हललं म्हणून भांडं फुटलं. कित्येक पिपांत चोरांनी पाणी भरून ठेवलं होतं. दुधात पाणी घालणाऱ्यांच्या देशातून आलेला मी. पण पाण्याला चाळीस पटींनी आटवून झालेल्या वस्तूच्या जागी पुन्हा पाणीच ठेवणं, यात नानाबोझोचा हात असावा असा मला दाट संशय आहे.

आणि आता मेथी. पहिली बाटली उघडली तेव्हा हिने वास घेतला आणि सहज म्हणाली, "याला मेथीचा वास येतोय." जावई हसला. मुलगी म्हणाली, "आई, तुला इथे सगळ्यालाच घरचे वास येतात." ही गप्प बसली, पण बाटली पुन्हा हुंगून बाजूला ठेवली. चार दिवसांनी जावयाने संगणकावर काहीतरी वाचलं आणि तो मुकाट्याने सासूपुढे येऊन उभा राहिला. मेपलच्या पाकाला जो वास असतो, त्यातलं एक मुख्य द्रव्य मेथीच्या दाण्यात असतं. मक्याच्या साखरेचा स्वस्त पाक करून त्याला मेपलचा खोटा वास देतात, तोही मेथीच्या अर्काने. इतकंच नाही, २००५ पासून न्यूयॉर्क शहरावर अधूनमधून मेपलच्या पाकाचा वास पसरायचा. लोक घाबरले. घातपात म्हणावा, तर इतका गोड घातपात कोण करील? अखेर २००९ च्या फेब्रुवारीत शहराने जाहीर केलं, की नदीपलीकडे न्यू जर्सीत एका कारखान्यात मेथीवर प्रक्रिया होते, वारा फिरला की तो वास येतो. एवढ्या मोठ्या शहराला वाऱ्याचे तक्ते मांडून चार वर्षं जे शोधावं लागलं, ते कोणत्याही मराठी बाळंतिणीच्या आईने दारातूनच सांगितलं असतं. आमच्या घरात त्या वेळी मेथीचे लाडू चाललेच होते. जावयाने त्या दिवशी दोन खाल्ले.

एप्रिलच्या मध्याला झाडांच्या कळ्या फुगल्या. कळ्या फुगल्या की रसाची चव बिघडते आणि हंगाम संपतो. हंगामाच्या सुरुवातीचा पाक फिका सोनेरी, शेवटचा काळपट. पूर्वी फिक्याला वरचा वर्ग आणि काळ्याला 'ब' वर्ग देत. कारण एके काळी हा माल पांढऱ्या साखरेच्या जितका जवळ जाईल तितका चांगला समजत. खाणाऱ्यांना मात्र 'ब' वर्गच आवडे. शेवटी २०१५ पर्यंत हे वर्गच बदलले आणि काळ्या पाकाला 'दणकट' अशा अर्थाचं भारदस्त नाव मिळालं. त्याची चव काकवीच्या फार जवळची. काकवी आणि भाकरी ही जोडी मी पोस्टमास्तरांना खिलवली, पाक त्यांचा, भाकरी आमची. ते चार खाल्ल्यावर म्हणाले, पॅनकेकमध्ये तसा अर्थ नसतोच.

हंगामाच्या शेवटी त्यांच्या अंगणात मेजवानी झाली. पाक आणखी जरा आटवून ताज्या बर्फावर ओततात, त्याचा चिवट चिक्कीसारखा पदार्थ होतो, आणि तो काट्याने गुंडाळून खातात. बरोबर डोनट आणि, थक्क व्हा, आंबट काकडीचं लोणचं. गोडाने तोंड मिटलं की लोणचं, लोणच्याने उघडलं की परत गोड. या लोकांची संस्कृती आपल्यापासून फार दूर नाही याची माझी त्या क्षणी खात्री पटली. हिने काकडीचा एक तुकडा चाखला, सौजन्याने गिळला, घरात गेली आणि सामानाच्या वजनात अडीच किलो खाऊन आलेली कैरीच्या लोणच्याची बरणी घेऊन आली.

पोस्टमास्तरांनी एक फोड तोंडात टाकली. डोळ्यांत पाणी आलं. मग बर्फावरचा पाक. मग पुन्हा फोड. असं पाच-सहा वेळा झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे किती तास उकळता?"

"उकळत नाही," ही म्हणाली. "फोडी, मीठ, मसाला, वरून तेल. आणि बरणी उन्हात ठेवून द्यायची."

"लाकूड?"

"लाकूड कशाला लागतंय?"

पोस्टमास्तर काहीच बोलले नाहीत. अंगणाच्या कोपऱ्यात पुढच्या वर्षासाठी फोडून रचलेल्या लाकडांच्या ढिगाकडे ते बराच वेळ बघत राहिले.